जुन्या एफसी-१५० ला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप: किती प्रेशरचा घ्यावा?

घाटवाट
महिंद्राचा एफसी-१५० पिकअप, हरिकेन पेट्रोल इंजिन, सिंगल बॅरल कार्ब्युरेटर, १२ व्होल्ट. घाट चढून दहा मिनिटं उभा केला की पुन्हा चालू करताना खूप सेल्फ मारावा लागतो. मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम वर्षात दोनदा फाटला. दुकानात एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीच्या टाकीतला पंप दाखवला, "प्रेशर जास्त, काळजी नाही" म्हणाले. घ्यावा का? जुना पंप लाईनमध्ये तसाच ठेवला तर चालेल?

जुना_स्पॅनर
दोन्हींना नाही.

तो पंप ४० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप) वर जातो. तुमच्या इंजिनाला अडीच ते पावणेचार लागतं. त्याहून जास्त दिलं की कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल सीटवर बसतच नाही, कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो, प्लग काळे पडतात. एफसीत इंजिन केबिनच्या आतच, झाकणाखाली असतं, म्हणजे सांडलेलं पेट्रोल आणि त्याची वाफ तुमच्या पायाशी. शिवाय टाकीतला पंप पेट्रोलात बुडूनच थंड राहतो, बाहेर लावला तर जळतो.

१२ व्होल्टचा, १.५ ते ४ पीएसआयचा चौकोनी सॉलेनॉइड (विद्युतचुंबकावर टिकटिकणारा) पंप घ्या, फॅसेट कंपनीच्या पंपासारखा. फ्लोची चिंता नको. हे इंजिन पूर्ण जोरावरही तासाला साधारण २०-२५ लिटर पितं, असे पंप त्याच्या कितीतरी पट देतात.

जुना पंप काढाच. त्याचा डायफ्राम फाटला की इलेक्ट्रिक पंप सगळं पेट्रोल सरळ इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये ढकलतो. ऑइल पातळ होतं, बेअरिंग जातात. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतोय का ते आजच बघा. येत असेल तर आधी ऑइल बदला. पंप काढल्यावर इंजिनावर राहणाऱ्या भोकावर ३-४ मिमी पत्र्याची प्लेट आणि गॅस्केट बसवा. पंप दुमजली (पेट्रोलसोबत व्हॅक्यूमही देणारा) असेल आणि वायपर व्हॅक्यूमवर असतील तर तेही बंद पडतील, त्याची सोय आधी करा.

नीडल_सीट
जागेबद्दल. हे पंप ढकलण्यात चांगले, ओढण्यात कमजोर. चॅसिसवर, टाकीला लागून आणि जमेल तितका टाकीच्या तळाच्या पातळीला लावा, सायलेन्सरपासून लांब. इंजिनाजवळ लावलात तर गरम लाईनमधून ओढताना पेट्रोलची वाफ होणार आणि घाटातला त्रास जसाच्या तसा राहणार.

पंपाआधी फक्त जाळीचा फिल्टर, बारीक कागदी फिल्टर पंपानंतर. उलटं केलं तर पंप उपाशी राहतो. रबरी पाईप ई२० ला (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) चालणाराच घ्या, जुना रबर आतून सुटतो आणि त्याचे काळे कण नीडलखाली अडकतात. टाकी जुनी असेल तर पहिल्या महिन्यात फिल्टर दोनतीनदा बदलावा लागेल.

घाटवाट
ऑइल प्रेशरच्या स्विचवरून पंप चालवायचा विचार आहे, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही थांबेल. दिव्याचा स्विच चालेल?

जुना_स्पॅनर
सरळ नाही. दिव्याचा स्विच प्रेशर नसताना जोडलेला असतो, तुम्हाला उलटा हवा: प्रेशर आल्यावर जोडणारा. रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) ८७ए पिनवरून, जी रिले बंद असताना जोडलेली असते, उलटवता येतं, पण मग रिलेची वायर तुटली तर पंप चालूच राहतो. अपघातात नेमकं तेच नको.

रिलेच्या पिना अशा जोडा: ८५ अर्थला, म्हणजे चॅसिसला. इग्निशनची वायर प्रेशर आल्यावर जोडणाऱ्या स्विचमधून ८६ वर. ३० वर बॅटरीतून ७.५ अँपिअरचा फ्यूज, ८७ वरून पंपाला १.५ चौमिमीची वायर. स्विचला बायपास करणारं पुशबटन लावा, सकाळी पाच-सात सेकंद दाबलं की फ्लोट चेंबर भरतो. पंपाची अर्थची वायर रंग खरवडून उघड्या लोखंडावर जोडा.

नीडल_सीट
खर्च करण्याआधी एक तपासा: त्रास देत असताना टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकणाचं भोक बुजलंय, पंपाचा दोष नाही.

बसवल्यावर कार्ब्युरेटरआधी टी जोडून ०-१० पीएसआयचा गेज लावा, आयडलला ४ च्या वर गेला तर रेग्युलेटर लागेल. मग उघड्यावर, कॉइलची वायर काढून, ३० सेकंद पत्र्याच्या डब्यात पेट्रोल सोडा. अर्धा लिटर भरलं तर भरपूर आहे. कानही द्या: प्रेशर धरलं की टिकटिक मंदावते. इंजिन बंद, बटन दाबलेलं आणि तरी जोरात टिकटिकतोय, तर टाकीकडच्या क्लिपमधून हवा घेतोय किंवा पुढे कुठेतरी गळतंय.