मदत हवी आहे: आईला व्हीलचेअरवरून झाडांत नेण्यासाठी दादर-माटुंग्याजवळ शांत जागा

आई ७८ वर्षांची. देवळात तिचं मन लागत नाही. तिचा देव झाडांत, पाखरांत, सकाळच्या उन्हात. पंधरा-वीस मिनिटं झाडाखाली बसून नामस्मरण करायचं, दिवस दाखवलास म्हणून देवाचे आभार मानायचे, एवढंच मागणं. गुडघे गेल्यापासून ते थांबलंय. घरातल्या कुंड्या झाल्या, खिडकी उत्तरेला. तुळस काही धरत नाही.

शिवाजी पार्कला नेलं, पण तिथे सकाळपासून क्रिकेट आणि धावणारे. चौपाटीवर व्हीलचेअर वाळूत रुतते. वाळकेश्वरचं बाणगंगा तळं तिला फार आवडतं, पण पायऱ्या. फाइव्ह गार्डन्सची झाडं सुंदर, मात्र चारी बाजूंनी गाड्या. राणीच्या बागेत सुट्टीच्या दिवशी जत्रा असते आणि बुधवारी बाग बंद. बोरिवलीचं नॅशनल पार्क तिला टॅक्सीत झेपणार नाही.

आता डोक्यात आहे ते मिठी नदीकाठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. एकेकाळच्या कचराभूमीवर रान उभं राहिलंय हे ऐकूनच आई खूश आहे! (म्हणाली, हाच चमत्कार.)

टॅक्सीने अर्धा तास चालेल. सोबत मी एकटीच, खुर्ची उचलणं जमणार नाही. फुलं, उदबत्ती काही नेणार नाही. शक्यतो सकाळी नऊच्या आत.

अलीकडे कोणी तिथे गेलंय का? आतल्या वाटा व्हीलचेअरला चालतात का, फाटक सकाळी किती वाजता उघडतं, आणि सावलीत बाक आहेत का?