खाडीकाठचे किल्ले स्कॅन करून सोडून द्यायचे?

घणसोलीकर: कालच्या धाग्यात एकाने लिहिलं, बेलापूरचा किल्ला, घोडबंदर, सगळं आज ना उद्या खाडीत जाणार, थ्रीडी स्कॅन करा आणि पैसा गटारांवर घाला. वाचून डोकं फिरलं. स्कॅनमध्ये दगडाचा पृष्ठभाग येतो. पायथ्याच्या गाळातली खापरं, राख, कुठल्या थरात काय होतं, हे येत नाही, आणि काठ खचला की आधी तेच वाहून जातं. स्कॉटलंडच्या समुद्रकाठचं स्कारा ब्रे हे प्राचीन गाव १८५० च्या वादळाने उघडं पडलं, १९२४ च्या वादळात एका घराची पडझड झाली. मग समुद्राच्या बाजूने भिंत घातली. जवळपास ५००० वर्षांची घरं अजून जागेवर आहेत.

वाशी_तळमजला: ते मीच लिहिलं. भिंत लाटेचा मार टोकांकडे ढकलते, तिथला काठ आणखी झिजतो. आमच्या घरात पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं. आधी माणसं की बुरूज?

दिवा_कोळीवाडा: भिंत कशाला? कांदळवन राखा. मुळं गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तोड बंद केली, भोवती ५० मीटर मोकळे ठेवायला सांगितले. तरी आमच्याकडे रात्री डेब्रिजचे डंपर येतात. तक्रार केली की म्हणतात, हद्द आमची नाही.

चुनेवाला: काठाचं राहू द्या, सिमेंटचं बोला. खारं पाणी दगडात चढतं, सुकताना मिठाचे खडे धरतात. चुन्याचे सांधे ओल बाहेर सोडतात. सिमेंट कोंडून ठेवतं, मग मीठ दगडाचेच पापुद्रे काढतं. एका बुरुजाच्या दुरुस्तीत हे जीव तोडून सांगितलं. उत्तर मिळालं, चुना मळायची घाणी चालवत कोण बसणार? पुढच्या पावसाळ्यानंतर दगड सोलायला लागला.

वाशी_तळमजला: अख्खी नवी मुंबई सिमेंटवर उभी आहे!

चुनेवाला: ती चुन्यात बसवलेल्या दगडांची आहे का? आधी वाचा, मग बोला. आमच्या घरी चुन्याची घाणी होती.

वाशी_तळमजला: आवाज चढवू नका. चुन्याचं मान्य. पण घारापुरीचा दगडी हत्ती आज भायखळ्यात आहेच की. जागा सुटली म्हणून काय बिघडलं?

घणसोलीकर: १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो पडून फुटला, तुकडे सांधून उभा केलाय! हे बिघडलं. जो काठ टिकणारच नाही तिथे आधी रीतसर उत्खनन, थरवार नोंदी. सोबत तुमचं स्कॅनही घ्या, त्याला माझी ना नाही.

दिवा_कोळीवाडा: खणणाऱ्यांना ओहोटीची वेळ आम्ही सांगू, होड्याही देऊ. पण डंपर थांबले नाहीत तर खणणार कुठे? सगळं भरावाखाली जाईल.