मदत हवी आहे: गावाच्या पाण्याच्या ताळेबंदात शेततळं जमेला धरायचं की खर्चाला?

नमस्कार मंडळी,

नगर जिल्ह्यातलं, पर्जन्यछायेतलं आमचं गाव. यंदा ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडायचं ठरलंय आणि घरात बी.एस्सी. झालेला म्हणून कागद माझ्या गळ्यात आलाय. (विषय रसायनशास्त्र होता, पण गावाला त्याचं काय!)

पावसाचा हिशोब जमला. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर. आमचं क्षेत्र साधारण ९०० हेक्टर, पाऊस ४५० मिमी धरला तर ४,०५० टीसीएम (हजार घनमीटर), म्हणजे ४०५ कोटी लिटर. आकडा ऐकून पारावरची मंडळी खूश झाली. एवढं पाणी असताना एप्रिलात टँकर का लागतो, हे मात्र कुणी विचारलं नाही.

अडलंय ते पुढे. गावात प्लास्टिक कागद घातलेली बरीच शेततळी आहेत. पावसाळा संपताना विहिरी भरलेल्या असतात, तेव्हा मोटर लावून तळी भरून घेतात. सगळ्यांचं म्हणणं, तळ्यातलं पाणी जमेला धर. मला ते पटत नाही, पण का ते नीट मांडताही येत नाही. दुसरं म्हणजे ठिबकनं पाणी वाचतं म्हणतात, तर ती बचत कुठे दाखवायची?

मुरूमखडक: भूजलाच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. आधी ते ४,०५० बाजूला ठेवा. त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, काही ओढ्यानं गावाबाहेर जातं. आपल्याकडे खाली काळा कातळ. पाणी साठतं ते वरच्या मुरुमात आणि कातळाच्या भेगांत, त्यामुळे मुरतं ते पावसाच्या काही टक्केच. ताळेबंद मांडायचा तो या मुरलेल्या आणि बंधाऱ्या-तलावांत अडलेल्या पाण्याचा. मुरलेल्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर क्षेत्र सुरक्षित गणतात, १०० च्या वर गेला की अतिशोषित.

आता शेततळं. विहिरीचं पाणी तळ्यात टाकलं म्हणजे या खिशातले पैसे त्या खिशात. भूजल म्हणून ते एकदा मोजलंय, पुन्हा जमेला धरलंत तर दुप्पट दिसेल. ओढ्याचं वाहतं पाणी वळवून तळं भरलं असेल तरच जमेला धरा. शिवाय उघड्यावरचं पाणी उडतं. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून ऑक्टोबर ते मे मीटरभर पाणी गेलं तरी ९ लाख लिटर झाले, आणि आपल्या उन्हात तेवढं जातंच. ते खर्चात लिहा. कागद घातलाय म्हणजे खाली मुरायचाही प्रश्न नाही.

डाळिंबवाला: बोलणं सोपं आहे साहेब. मी नाही उपसलं तर शेजारी उपसतो, भेग दोघांच्या विहिरीखाली एकच. तळं केलं म्हणून माझी बाग मे महिना काढते.

मुरूमखडक: दादा, तुमचं चुकतंय असं म्हणतच नाही. एकट्यानं उपसा थांबवला तर तो येडा ठरतो, म्हणून तर ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा. हिवरे बाजार तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हे गावानं ठरवलं आणि यंदा पाणी किती ते पाहून पिकं ठरतात. नुसते चर खणून, बंधारे बांधून ते झालं नाही.

काळीभोर: ठिबकबद्दल. पाटानं पाणी द्यायचो तेव्हा जादाचं थोडं तरी पाझरून परत विहिरीला यायचं. ठिबकनं उपसा कमी होतो, तसं हे परत येणंही घटतं. म्हणून मोटरचे तास कमी झाले तेवढी सगळी बचत धरू नका. आणि आमच्याकडे तर ठिबक आलं आणि दोन एकरांची बाग पाच एकर झाली. बचत म्हणून वेगळा रकाना नकोच, पिकांखालचं क्षेत्र दरवर्षी नव्यानं मोजा, आपोआप कळेल.

धागाकर्ता: फार आभार. म्हणजे तळ्यांचे दोन गट करतो, ओढ्यावरची आणि विहिरीवरची. दुसऱ्या गटाची फक्त वाफ खर्चात. पण नावं वाचली की भांडणं होणार. गावाची एकत्र बेरीज दाखवली तर चालेल का?

मुरूमखडक: चालेल, पहिल्या वर्षी तेच करा. आणि तीन-चार विहिरी ठरवून त्यांची पाणीपातळी ऑक्टोबर आणि मेमध्ये दोरी सोडून मोजा. एक विहीर सरपंचांची घ्या.