टीईटी निघाली की पुस्तक बंद?

खाडीकाठचा मास्तर: काल इथे एका छात्राध्यापिकेने लिहिलं, "एकदा टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) निघाली की जन्मात पुस्तकाला हात लावणार नाही." त्यावर बदामांचा पाऊस! चौतीस वर्षं देवगड तालुक्यात शिकवलं. चौथीचा धडा तोच असला तरी पाठाचं टाचण दरवर्षी नवं काढायचो. आता सरावपाठाला येणारी पोरं मागच्या बॅचचं उतरवतात, तारीखही तीच. एका वहीत तर पाठ व्हायच्या आधीच मार्गदर्शकांची सही!

पुस्तकनकोशी: पोस्ट माझीच. थट्टा होती, पण अर्धीच. डी.एल.एड. पदविका, टीईटी, भरतीसाठीची टेट परीक्षा, मग 'पवित्र' या शिक्षकभरती पोर्टलची वाट, मग तीन वर्षं महिना १६,००० मानधनावर शिक्षणसेवक. आणि १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी लावली, तेव्हा केवढी ओरड झाली! तेव्हा कुठे गेलं होतं आयुष्यभर शिकणं?

मास्तर: परीक्षा वेगळी, शिकणं वेगळं.

पुस्तकनकोशी: मी दुसरं काय म्हणतेय, सर?

वेंगुर्लेकर: ह्या सगळा ऱ्हवांदे. मास्तर घाटावरून येतत आणि आल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीचे दिवस मोजतत. माझो नातू पहिलीत. तो बाईंका म्हणालो, "माका तान लागली." बाईंनी आईक बोलवून सांगितल्यान, मुलाला ताण आलाय, घरी भांडणं होतात का! पोराक पाणी होया होता.

बीडचा गुरुजी: घाटावरचा मीच. द्विशिक्षकी शाळा, पट ११, पावसात साकव ओलांडून जातो. पोषण आहाराच्या मावशींकडून मालवणी शिकलो. हजेरीच्या वहीमागे लिहिलंय: तान, झील, चेडू, न्हंय. नव्या शैक्षणिक धोरणातल्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्षाच्या ५० तासांत हे कोण धरणार? दीक्षा ॲपवरचा प्रशिक्षणाचा व्हिडिओ मात्र आवाज बंद करून चालवला, भाकऱ्या थापल्या. प्रमाणपत्र आलं.

वेंगुर्लेकर: आणि आमची डी.एड. झालेली पोरां काजी फोडतत!

बीडचा गुरुजी: जागा मी पळवली नाही. गुणवत्ता यादीत नाव होतं.

वेंगुर्लेकर: 'तान' लिहून घेतलास, बरा केलास. बदलीचो अर्ज भरलस काय नाय, तेवढा सांग.

बीडचा गुरुजी: भरलाय. आई तिकडे एकटी आहे.

मास्तर: टाचणाबद्दल कोणीच बोलत नाही.

पुस्तकनकोशी: ती वही माझी नव्हती. पण सह्या आमच्याकडेही शनिवारी गठ्ठ्याने होतात, खोटं कशाला बोलू? तुमच्या जुन्या टाचणाचे फोटो टाकाल का?

मास्तर: उतरवायला?