मेटल बँडची माहिती: विकिपीडिया का मेटल आर्काइव्ज, कोण कुठे कमी पडतं?

दुहेरी_बास:
मंडळी, सध्या एक उद्योग चाललाय. जे बँड मला तोंडपाठ आहेत त्यांचंच विकिपीडियाचं पान आणि मेटल आर्काइव्जची (मेटल बँडची माहिती जमवणारी वेबसाइट) नोंद शेजारी शेजारी उघडून वाचायची, म्हणजे गफलत असली तर लगेच पकडता येते. सुरुवात डेथ ह्या अमेरिकन बँडपासून केली, कारण त्यांचा म्होरक्या चक शुल्डिनर जवळजवळ दर अल्बमला माणसं बदलायचा, त्यामुळे लाइनअप (कोण काय वाजवतं ते) नीट लिहिणं हीच खरी परीक्षा. १९९१ च्या ह्यूमन अल्बमवर गिटारला पॉल मास्विडाल, ड्रम्सवर शॉन रायनर्ट आणि बासवर स्टीव्ह डिजॉर्जिओ हे सगळ्यांनाच माहितीय, पण त्यातल्या इन्स्ट्रुमेंटल ट्रॅकवर बास स्कॉट कॅरिनोचा आहे, मी ते नाव आधी शोधतो आणि मग बाकीचं वाचतो. लाइनअपच्या बाबतीत दोन्हीकडे लोकांनी जीव ओतलाय हे मान्यच करावं लागेल.
मग नॉर्वेचा ब्लॅक मेटल बँड मेहेम उघडला आणि डोकं फिरलं. आत्महत्या, चर्च जाळणं, १९९३ चा त्यांच्या गिटारिस्टचा, युरोनिमसचा खून, सगळं तारीखवार आहे, आणि संगीत कुठे आहे तर कोपऱ्यात. अरे १९९४ ला आलेल्या 'दे मिस्तेरीस दोम सथानास' अल्बमवर खून झालेला गिटारिस्ट आणि खून करणारा बासिस्ट दोघंही वाजतायत हे सगळे सांगतात, पण ती गिटार इतकी थंड का वाटते, हेलहॅमरचे ड्रम्स त्याखाली काय करतायत, अटिलाच्या गाण्याने तेव्हा लोक का बिचकले, ह्याला दोन ओळी. नवीन पोरगं हे वाचून बँडबद्दल काय समजणार?
तर प्रश्न असा की बँडची नोंद चांगली की वाईट हे तुम्ही कशावरून ठरवता? आणि आपल्या मुंबईच्या बँडची पानं इतकी रोडकी का?

श्रुती_डेसिबल:
मेहेमबद्दल +१, पण कारण साधं आहे. विकिपीडियाला स्वतःचं मत लिहायला बंदी, दुसऱ्या कोणी कुठेतरी छापलेलं असेल तेच घ्यायचं. खुनाच्या बातम्या जगभर छापून आल्या, रिफबद्दल लिहिणारे मोजके, म्हणून पान त्या बाजूला कलतं. आणि बँडला पान मिळायलाही अटी आहेत, स्वतंत्र ठिकाणी पुरेसं लिहून आलेलं हवं, किंवा चार्टवर हवं, किंवा मोठ्या नाहीतर महत्त्वाच्या इंडी लेबलवर दोन अल्बम हवेत, असं काहीतरी. मेटल आर्काइव्जचा संदर्भ तिथे चालत नाही कारण ते वाचकांनीच भरलेलं.
मेटल आर्काइव्ज मात्र उलट्या टोकाला. २००२ पासून चालूय, नुसता डेमो काढलेला बँडही सापडतो, सेशनवाले आणि पाहुणे वेगळे दाखवतात, लिरिक्स पण असतात. पण दारावर पहारा आहे, स्लिपनॉट आणि कॉर्न तिथे नाहीतच, कारण ते वाजवतात त्या न्यू मेटलला (हिपहॉप वगैरे मिसळलेलं, nu metal) ते मेटल धरत नाहीत. मला हे पटत नाही, ज्यांच्यामुळे हजारो पोरं ह्या संगीताकडे वळली त्यांना बाहेर ठेवून इतिहास पुरा कसा होईल? तिथल्या रिव्ह्यूंची टक्केवारी बघूच नकोस, मजकूर वाच, कोणी गाणंगणिक लिहिलंय आणि कोणी नुसता राग काढलाय ते दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

थ्रॅशठाणे:
विकीवर जॉनरच्या (संगीतप्रकाराच्या) रकान्यावर कधीच विश्वास नको, आधी इतिहासाचा टॅब उघड, पानात कोणी काय बदललं ते तिथे दिसतं. एक जण डेथ मेटल लिहितो, दुसरा येऊन टेक्निकल डेथ करतो, तिसरा प्रोग्रेसिव्ह, महिनोन् महिने तेच चालतं. पानावरचं भांडण कशावरून आहे हे बघितलं की पान लिहिणाऱ्यांचं लक्ष कुठे होतं ते समजतं.

रंगभवनचा_जुना:
मुंबईबद्दल मी सांगतो. १९८६ ला आय-रॉक (इंडिपेंडन्स रॉक) हा रॉक महोत्सव सुरू झाला, रंगभवन ह्या खुल्या थिएटरला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, नंतर सायलेन्स झोनमुळे ती जागाच आपल्या हातातून गेली. त्या काळचं लिखाण कुठे आहे? पत्रकांत, कॉलेजच्या मासिकांत, आणि रॉक स्ट्रीट जर्नल ह्या मासिकात, जे १९९३ ला अमित सैगलने अलाहाबादहून सुरू केलं. म्हणजे कागदावर, आणि कागद लोकांच्या माळ्यावर. पुढची पिढी मायस्पेस ह्या गाणी चढवायच्या साइटवर गेली तर २००३ ते २०१५ मधे तिथे चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना उडाली, २०१९ ला ते जाहीर झालं. आपल्या मुंबईचा बँड डेमोनिक रिझरेक्शन, ते बाहेर गेले, २०१० ला नॉर्वेच्या इन्फर्नो महोत्सवात वाजवलं, २०१४ ला जर्मनीच्या वाकेन महोत्सवात, म्हणून त्यांच्याबद्दल बाहेरच्यांनी लिहिलं आणि दुवे मिळतात. जे दादर ते चर्चगेटच्या पलीकडे गेले नाहीत त्यांनी वाईट वाजवलं असं नाही, त्यांच्याबद्दल जे छापलं गेलं ते कोणी जपलं नाही एवढंच.
पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, विकिपीडियाला संदर्भ ऑनलाइनच पाहिजे असं अजिबात नाही. छापील अंकाचं नाव, महिना, वर्ष, पान नंबर, लेखाचं शीर्षक एवढं नीट दिलं तर चालतं. त्यामुळे जुने अंक टाकू नका रे, रद्दीत तर मुळीच घालू नका.

दुहेरी_बास:
दादा, छापील संदर्भ चालतो हे माहीतच नव्हतं, मग तर कामच सुरू करता येईल. ज्यांच्याकडे २००५ च्या आधीचे अंक असतील त्यांनी मेसेज करा, मी मुंबईत कुठेही येईन, तुमच्यासमोर फोटो काढून अंक तिथल्या तिथे परत. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका नक्की हवी, नाहीतर पान नंबर सिद्ध करता येत नाही.

श्रुती_डेसिबल:
डेमो कॅसेटची इनले कार्डंही (डबीतले छापील कागद) मोजा त्यात. कोणी काय वाजवलं, कुठे रेकॉर्ड झालं, कधीकधी इंजिनिअरचं नावसुद्धा असतं. विकीवर बँडने स्वतः छापलेलं फार उपयोगाचं नाही, पण मेटल आर्काइव्जला लाइनअप भरायला तेवढं पुरतं. माझ्याकडे आहेत थोडी, रविवारी कपाट उघडते.