‘म्हणे’ असताना ‘अ‍ॅपरंटली’ कशाला?

रामकुंडवाला: परवा इथेच एकाने ठोकून दिलं की मराठीत शक्यता आणि ऐकीव गोष्ट नीट सांगताच येत नाही म्हणून प्रॉबॅबली, अ‍ॅपरंटली वापरावं लागतं. डोकंच फिरलं. अरे दारात चपला दिसल्या तर ‘आलेला दिसतोय’, शेजारणीने सांगितलं तर ‘आला म्हणे’, एव्हाना गाडी पोचायची वेळ झाली तर ‘आला असेल’. अजून काय पाहिजे?

सिडकोची_सून: व्याकरणाचा तास संपला? आमच्या ऑफिसात ‘साहेब रजेवर आहेत म्हणे’ म्हटलं की सगळ्यांना वाटतं मी टोमणा मारतेय. ‘साहेब अ‍ॅपरंटली रजेवर आहेत’ म्हटलं की कुणी वर बघत पण नाही. ‘म्हणे’त नाक मुरडलेलं असतं हो.

निफाडकर: शब्द कुठलाही घाला, पुढे पाठवताना लोक तेवढाच गाळतात. फेब्रुवारी २०२४ ला ‘कांद्याची निर्यातबंदी उठली म्हणे’ सुरू झालं, संध्याकाळपर्यंत नुसतं ‘उठली’. लासलगावच्या कांदा बाजारात भाव चढले, आणि लगेच सरकार म्हणतं ३१ मार्चपर्यंत बंदी कायम. आमच्या चुलत्यांनी त्या आशेवर माल धरून ठेवला, नंतर मिळेल त्या भावात काढला.

रामकुंडवाला: धागा भाषेचा आहे, कांदा कुठून आणला?

निफाडकर: तुम्हाला कांदा फक्त महागल्यावर दिसतो. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात सरळ बंदी, तेव्हा कोणी प्रॉबॅबली म्हणून आधी सांगितलं होतं का? आणि शहरातले आम्हाला शिकवणार साठेबाजी करू नका म्हणून!!

सिडकोची_सून: दादा, आम्ही पण महागाचाच खाल्लाय, उगाच शहर शहर करू नका.

पंचवटीचा_पोर: भांडा निवांत. आमच्याकडे नाशकात पावसाळ्यात ‘गंगापूर धरणातून पाणी सोडलंय म्हणे’ आलं की कोणी शब्द चघळत बसत नाही, गडी थेट गोदावरीतला दुतोंड्या मारुती बघायला जातो. मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी दिसलं की टपरी उचलायची.

रामकुंडवाला: बरं, ‘म्हणे’त टोमणा असतो, प्रॉबॅबली मान्य. झालं समाधान? पण ‘समजलं की साहेब रजेवर आहेत’ म्हणायला काय जीभ झिजते?

सिडकोची_सून: हे तर पोलिसांनी पंचनामा लिहिल्यासारखं वाटतंय.

निफाडकर: ते राहू द्या, उद्या लिलाव बंद आहेत म्हणे, कुणाला पक्कं माहितीय का? ट्रॅक्टर भरून उभाय.