मख्ख चेहऱ्यानं गाणारे दोघं : 'फ्लाइट ऑफ द कॉन्कॉर्ड्स' पाहिलेल्या खान्देशी मंडळींनो, लिहा

गेल्या हिवाळ्यात जळगावजवळ आमच्या मळ्यात भरीत पार्टी होती. काड्यांवर वांगी भाजता भाजता आतेभाऊ म्हणाला, "त्या न्यूझीलंडवाल्या दोघांची मालिका मी दरवर्षी एकदा तरी बघतो." आमच्या अख्ख्या गणगोतात ती पाहिलेला मी एकटाच, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. मग कळण्याच्या पुऱ्या संपेपर्यंत आम्ही दुसरं काहीच बोललो नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रेट मॅकेन्झी आणि जेमेन क्लेमंट हे न्यूझीलंडचे दोन गायक. २००५ साली त्यांचा कार्यक्रम बीबीसी रेडिओवर झाला आणि १७ जून २००७ पासून एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर मालिका सुरू झाली. दोन सीझन, १२ आणि १० मिळून २२ भाग, मार्च २००९ मध्ये संपली. न्यूयॉर्कमध्ये नशीब काढायला आलेले दोन मित्र, हाताला काम नाही, बँडला एकच चाहती. बोलता बोलता ते गायला लागतात. मागून हशा वाजत नाही आणि दोघांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही.

तुम्ही ती कुठे पाहिली, कोणाबरोबर पाहिली, आवडली की नाही, सगळं लिहा. नावडली असेल तर तेही मोकळेपणानं लिहा.

भुसावळ, सध्या पुणे

इंजिनिअरिंगला असताना आम्ही चौघं भुसावळ-यावलचे एका खोलीत राहायचो. एकाच्या हार्डडिस्कमध्ये ही मालिका होती. दुसऱ्या सीझनमध्ये ब्रेट एक नवा कप विकत घेतो, दोन डॉलर एकोणऐंशी सेंटचा. एवढ्या एका खर्चानं दोघांचा महिन्याचा सगळा हिशेब कोसळतो. तो भाग आम्ही गप्प बसून पाहिला. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर मेसचा डबा दोघांत एक घेणाऱ्यांना त्या कपाची किंमत वेगळी समजवावी लागत नाही.

पण मला जास्त भिडलं ते दुसरंच. त्या दोघांना सगळे ऑस्ट्रेलियन समजतात, आणि ते दर वेळी शांतपणे सांगतात की नाही, आम्ही न्यूझीलंडचे. मी "करून राहिलो" म्हटलं की कॉलेजात पहिला प्रश्न ठरलेला, "विदर्भातला का?" भुसावळ म्हटल्यावर, "म्हणजे नागपूरजवळ?" मी चार वर्षं नकाशा सांगत होतो. जळगाव, धुळे, नंदुरबार, तापी, केळी, सगळं. परक्या शहरात आपण जे आहोत ते सोडून शेजारचे ठरवले जाण्याचं दुःख कोणी इतकं नेमकं दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ते दोघं त्यावर चिडत नाहीत, पुन्हा सांगतात. मीही तेच शिकलो.

धुळे

मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला मरे आवडतो. मरे म्हणजे बँडचा मॅनेजर, न्यूझीलंडच्या वकिलातीत नोकरीला. खोलीत तिघंच जण असतात, तरी बैठकीच्या सुरुवातीला तो हजेरी घेतो. ब्रेट, हजर. जेमेन, हजर. मग स्वतःचं नाव पुकारतो आणि स्वतःच हजर म्हणतो. रीस डार्बी या नटानं हे काम फार मायेनं केलंय. मरेला संगीतातलं काही कळत नाही, पण या दोन पोरांचं भलं व्हावं ही त्याची तळमळ खरी आहे. असे मुख्याध्यापक मी पाहिलेत.

नंदुरबार

मला नाही आवडली. तीन भाग पाहिले आणि थांबले. ती एकमेव चाहती, मेल, लग्न झालेली असून त्यांच्या दाराशी उभी असते, पाठलाग करते, आणि ते सगळं गमतीत घेतलंय. जागा उलटी असती, बाईच्या मागे पुरुष लागला असता, तर आपण हसलो असतो का? मेल झालेली क्रिस्टन शाल अभिनय छान करते, त्याबद्दल तक्रार नाही. लिखाणाबद्दल आहे. शिवाय मालिकेतल्या बायका येतात, एखाद्या भागापुरत्या राहतात आणि जातात.

अमळनेर

मी लग्नसराईत बँडच्या गाडीवर कीबोर्ड वाजवतो. मी ही मालिका कानानं पाहिली असं म्हटलं तरी चालेल.

सूर चुकवून हसवणं सोपं असतं. आमच्याकडे ऑर्केस्ट्रात विनोदी आयटम म्हणजे बेसूर गाणं, हीच समजूत आहे. हे दोघं उलट करतात. सूर, ताल, आवाजाचा पोत, सगळं पक्कं ठेवतात आणि फक्त शब्द घसरू देतात. शहरातल्या कडकीवरचं त्यांचं एक गाणं पेट शॉप बॉईज या ब्रिटिश पॉप जोडीच्या चालीढालीत आहे. मी ते मूळ बँडच्या गाण्याशेजारी ठेवून ऐकलं. सिंथसायझरचा तो थंडपणा, म्हणण्यातला तो अलिप्तपणा, जसाच्या तसा. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीवरच्या भागात जेमेन ब्रेटच्या स्वप्नात बोवी होऊन येतो, तीनदा, आणि दर वेळी बोवीच्या वेगळ्या काळातला. ज्यानं ते संगीत जीव लावून ऐकलंय त्यालाच हे जमतं. नक्कल करायची तर आधी भक्ती लागते.

दुसरा सीझन मला थोडा उतरलेला वाटला आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. पहिल्या सीझनची बरीच गाणी रंगमंचावर वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार झालेली होती. दुसऱ्यासाठी बहुतेक नव्यानं लिहावी लागली, तीही भागांच्या वेळापत्रकात. २००९ च्या अखेरीस त्यांनी तिसरा सीझन करणार नाही असं जाहीर केलं. मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो. पुढे २०१२ मध्ये ब्रेटला मपेट्स या बाहुल्यांच्या सिनेमातल्या गाण्यासाठी ऑस्कर मिळालं, तेव्हा मी आमच्या गाडीवरच्या सगळ्यांना पेढे दिले होते.

रावेर

आमच्या घरी केळीचा व्यापार. पहिल्या सीझनमध्ये एक भारतीय फळवाला या दोघांना फळं विकायला चक्क नकार देतो. अझीझ अन्सारीनं केलंय ते काम. शेवटी उलगडतं की त्याचा राग ऑस्ट्रेलियनांवर होता, माणसं ओळखण्यात गल्लत झाली. मी आईला हा भाग दाखवला, एकेक वाक्य मराठीत सांगत. ती म्हणाली, "गिऱ्हाईक परत पाठवत नाहीत गं, कुठलं का असेना." परराज्यात शिकताना एका घरमालकानं माझं आडनाव ऐकून खोली नाही म्हटलं होतं. ते आईला मी कधीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

शिरपूर

माझं वय एकसष्ट. मुलीनं दाखवली म्हणून पाहिली. खालची इंग्रजी अक्षरं वाचून होईपर्यंत पुढचं वाक्य येतं, त्यामुळे ती थांबवून थांबवून समजावते.

मला यात नवीन काही वाटलं नाही, आणि हे मी कौतुकानं म्हणते आहे. आमच्या माहेरी लग्नात व्याह्यांना चिडवायची गाणी असायची. व्याह्याचं पोट, विहिणीचं लुगडं, वरातीतला घोडा, काही सुटायचं नाही. माझी मावशी त्यात सगळ्यांच्या पुढे. मांडव हसून लोळायचा आणि ही देवाचं गाणं म्हणावं तशी मान खाली घालून म्हणत राहायची. मी लहानपणी विचारलं होतं, "मावशी, तुले हासू येत नही का?" ती म्हणाली, "मी हासनू तं गानं कोन म्हनी?"

त्या दोन पोरांना पाहून मला मावशी आठवली. जेमेन एका मुलीचं सौंदर्य गातो, आणि स्तुती इतकी मोजूनमापून करतो की 'या खोलीत तूच सगळ्यात सुंदर' याच्या पुढे ती जातच नाही. तो हसला असता तर सगळं वाया गेलं असतं. मुलीला मी मावशीची दोन गाणी म्हणून दाखवली. तिनं ती फोनमध्ये भरून घेतली. बाकीची मला येत नाहीत, आणि ज्यांना येत होती त्या आता नाहीत. शिरपूर-शिंदखेड्याकडे कोणाच्या आजीला येत असतील तर विचारून लिहून घ्या.

चाळीसगाव तालुका

शेवटच्या भागाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. घरभाडं ते न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये भरत होते हे घरमालकाला कळतं आणि घर जातं. व्हिसा संपलेला असतो. दोघांना मायदेशी पाठवतात आणि तिथे ते मेंढ्या राखायला लागतात.

मी मुंबईत सात वर्षं काढून गावी परतलो, आता कपाशी आणि थोडा लिंबू आहे. हा भाग मी परत आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात ओट्यावर बसून पाहिला. वडील शेजारी येऊन बसले. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी काही विचारलं नाही, मेंढ्या दिसल्या तेव्हा मात्र पुढे सरकले.

"हे दोघं घरी आले का?"

"हो, आले."

"मंग लोकर किती निघत असेल एका मेंढीची?"

मला माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी फोनवर शोधलं.